पंप भरण्याआधी फूल बघा : फवारणीत मधमाश्या कशा वाचवायच्या

सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडच्या डाळिंब बागेत कळी भरपूर लागते, फूल भरपूर उमलतं आणि तरी सेटिंग, म्हणजे फळधारणा, होत नाही, तेव्हा पहिला संशय हवेवर जातो, मग खतावर, मग पाण्याच्या ताणावर. बहर ऐन भरात असताना फुलकिड्यांसाठी लागोपाठ बसलेल्या फवाऱ्यांचा, आणि त्यांत गेलेल्या मधमाश्यांचा, विचार सगळ्यात शेवटी होतो. काकडी वाकडी निघते, कांद्याच्या गोंड्यात बी पोचट राहतं, सूर्यफुलाच्या मध्यावर दाणा भरत नाही, यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं.

कीड सोडून द्या, असं इथे कुठेही म्हणायचं नाही. पीक वाचवायचंच आहे. पण औषध कोणतं, फुलोऱ्याच्या किती दिवस आधी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे तीन निर्णय पंप भरण्याआधी व्हायला हवेत. "संध्याकाळी मारलं की झालं" हा नियम चांगला आहे, पण अर्धाच आहे.

रानात काम कोण करतं

मधमाशी म्हटलं की पेटी डोळ्यांसमोर येते. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात सातेरी माशीच्या पेट्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पण सांगलीच्या पूर्व भागातल्या रानात फुलांवर येणाऱ्या बहुतेक माश्या कुणीच पाळलेल्या नसतात. आग्या माशी मोठ्या झाडावर, पुलाखाली किंवा पाण्याच्या टाकीला पोळं करते. फुलोरी ही बारीक माशी झुडपाच्या फांदीला हाताएवढं पोळं बांधते. डंख नसलेल्या पोयाच्या माश्या भिंतीच्या फटीत आणि झाडाच्या ढोलीत राहतात.

याशिवाय एकट्याने राहणाऱ्या माश्या आहेत, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. कृष्णाकाठच्या वांग्याचं फूल जवळून बघा. त्याचे पिवळे पुंकेसर मिठाच्या डबीसारखे असतात, पराग टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो. पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, गुंईऽऽ असा बारीक आवाज येतो आणि पराग भसकन झडतो. काळा भुंगाही हे करतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. वांग्याला आणि टोमॅटोला स्वतःच्या परागावरही फळ धरतं, पण अशी थरथर मिळाली की फळ जास्त आणि भरदार येतं. ही निळ्या पट्ट्यांची माशी बांधाच्या मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत बीळ करते. म्हणजे बांधावर कीटकनाशक ओतलं, किंवा बांध पोखरून उभा कापला, तर तिचं घरच गेलं. भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत राहतो, त्यामुळे बांधाच्या कडेला दोन-चार वाळके ओंडके पडू द्यावेत.

फळाकडे बघूनही अंदाज येतो. स्ट्रॉबेरीवर दिसणारा प्रत्येक दाणा हे खरं तर एक स्वतंत्र फळ असतं. ज्या दाण्याला पराग मिळाला त्याच्याभोवतीचा गर फुगतो, ज्याला मिळाला नाही तिथला गर बसून राहतो. वाकडं फळ हातात घ्या आणि दबलेल्या बाजूचे दाणे बघा. ते बारीक, पोचट आणि एकमेकांना चिकटून दाट दिसले तर परागीकरण कमी पडलं आहे. थंडीने फूल करपलं किंवा बोरॉन कमी पडलं तरी फळ वाकडं होतं, म्हणून एका फळावरून निष्कर्ष नको, वीस-पंचवीस फळं बघा. कलिंगडाच्या मादी फुलाला माशीच्या किमान आठेक भेटी लागतात, आणि त्याही एकाच सकाळी, कारण फूल दुपारी मिटलं की पुन्हा उघडत नाही.

प्रत्येक पिकाची वेळ वेगळी

संध्याकाळच्या नियमाची पहिली अडचण इथेच येते. काकडी, कलिंगड, भोपळा आणि कारलं यांची फुलं सूर्योदयाच्या सुमारास उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. त्यांच्यासाठी संध्याकाळचा फवारा योग्य. दोडका मात्र दुपार टळल्यावर उमलतो, दुधी सूर्यास्ताच्या सुमारास. दुधीचं पांढरं फूल रात्री पतंगांसाठी उघडं असतं. या दोन वेलांवर संध्याकाळी सहा वाजता औषध मारणं म्हणजे ऐन उमललेल्या फुलात औषध ओतणं. तिथे सकाळी फुलं मिटल्यावर, साधारण नऊ-दहाच्या पुढे, ऊन चढण्याआधी फवारावं. उन्हाळ्यात पानं करपतील इतकी उष्णता असेल तर ढगाळ दिवस बघावा.

डाळिंबाचं फूल एका दिवसाचं नसतं, ते काही दिवस उघडं राहतं. म्हणजे आज संध्याकाळी ज्या फुलावर औषध बसलं, त्याच फुलावर उद्या सकाळी माशी बसणार. इथे संध्याकाळचा फायदा एवढाच की माशीच्या अंगावर थेट फवारा पडत नाही. रात्रीत वाळून निवळणारं औषध असेल तरच माशी वाचते. कांद्याचं तसंच. गोंडा दोन-तीन आठवडे थोडाथोडा उमलत राहतो, आणि एका फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलाकडून आणायला कीटक लागतोच. सूर्यफुलाचा गोल कडेकडून आत असा आठ-दहा दिवस फुलतो. या तिन्ही पिकांत वेळ सांभाळण्यापेक्षा औषधाची निवड महत्त्वाची ठरते.

मका आणि ज्वारी वाऱ्यावर परागीकरण करतात, त्यांना माशीची गरज नाही. पण माशीला त्यांच्या परागाची गरज असते. मक्याच्या तुऱ्यावर पहाटेपासून नऊ-दहापर्यंत माश्यांची झुंबड असते. लष्करी अळीसाठी सकाळी आठला पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीत) मारलेलं औषध तुऱ्यावरही उडतं. पोंगा भरायचाच असेल तर तुरा येण्याआधी.

आपल्या रानाची वेळ स्वतः बघून ठरवणं सर्वांत चांगलं. सकाळी नऊला ओळीतून वीस पावलं चाला, फुलांवरच्या माश्या मोजा. हेच दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला करा. दोन दिवसांत तुमच्या प्लॉटचं वेळापत्रक हातात येतं, आणि पुढे कधी माश्या अचानक कमी झाल्या तर तेही लगेच कळतं.

औषध निवडताना

डब्यावरच्या त्रिकोणावर जाऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला आणि जनावराला औषध किती विषारी आहे ते सांगतात. मधमाशीचा त्या रंगाशी संबंध नाही. निळा किंवा हिरवा त्रिकोण असलेलं औषधही माशीला जहाल असू शकतं. स्पिनोसॅड हे त्याचं उदाहरण. माशीबद्दलची सूचना आत घडी घातलेल्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. ते पत्रक दुकानातच उघडून वाचा.

सर्वांत जास्त नुकसान आंतरप्रवाही औषधांनी होतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्साम, क्लोथियानिडिन आणि डायनोटेफ्युरॉन ही मुळातून किंवा पानातून झाडात शिरतात, रसाबरोबर फिरतात आणि मकरंदात व परागात उतरतात. इमिडाक्लोप्रिड पोटात गेलं तर माशीमागे साधारण ४ नॅनोग्रॅमला निम्म्या माश्या मरतात. एका ग्रॅमचे पंचवीस कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. यापेक्षा कमी मात्रेत माशी जागेवर मरत नाही, पण तिला पेटीची वाट सापडत नाही आणि ती रानातच संपते. त्यामुळे पेटीसमोर मेलेली माशी दिसत नाही आणि पेटी मात्र हलकी होत जाते. युरोपीय संघाने यातल्या पहिल्या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला, तो याच कारणाने.

आपल्याकडे वेलवर्गीय पिकात लागणीनंतर दहा-पंधरा दिवसांनी ठिबकमधून यातलं एखादं सोडायची पद्धत आहे. काकडीला महिनाभरात फूल येतं. तेव्हा सोडलेलं औषध फुलात पोहोचतं, मग फवारा संध्याकाळी मारा की मध्यरात्री मारा, फरक पडत नाही. फुलावर येणाऱ्या पिकात ही औषधं ठिबकमधून सोडू नयेत, हे आमचं स्पष्ट मत आहे. रसशोषक किडीसाठी सुरुवातीपासून चंदेरी मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद), पिवळे-निळे चिकट सापळे आणि दर आठवड्याला निंबोळी अर्क असा क्रम ठेवला तर पहिला महिना निघतो. अर्कासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा आणि १०० लिटर करून त्याच दिवशी वापरा. शिळ्या अर्काचा गुण जातो.

कळी दिसल्यापासून पाकळ्या गळेपर्यंत पुढची औषधं लांब ठेवा: वरची चार, शिवाय फिप्रोनिल, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, एमामेक्टिन बेंझोएट. दुकानातली बरीच जोडऔषधं यातल्याच दोघांची मिळून केलेली असतात, म्हणून ब्रँडचं नाव सोडा आणि खाली लिहिलेला घटक वाचा. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदच आहेत. जुना डबा कोपऱ्यात सापडला तरी वापरू नका.

स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम ओली असताना माशीला जहाल असतात, पण वाळल्यावर तीनेक तासांत धोका बराच उतरतो. फुलोऱ्यात फुलकिडे हाताबाहेर गेलेच तर अंधार पडताना हीच वापरावीत. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, फ्लुबेंडियामाइड, फ्लोनिकॅमिड, निंबोळी आणि अळ्या मारणारे बीटी जिवाणू ही त्यामानाने माशीला सौम्य. तरी तीही संध्याकाळीच, आणि त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असेल तरच. एक घोळ इथे नेहमी होतो. सायान्ट्रानिलीप्रोल हे नाव क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलच्या भावासारखं दिसतं, एकाच कुळातलं आहेही, पण ते माशीला चांगलंच विषारी आहे. नावाच्या साम्यावर जाऊ नका.

बुप्रोफेझिन, नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन ही कात टाकण्याची क्रिया बिघडवणारी औषधं उडत्या माशीला मारत नाहीत. माशी ती परागाबरोबर घरी नेते, आणि तिथे अळ्या मरतात. पेटीवाल्याला पंधरा दिवसांनी पेटीसमोर पांढुरक्या मेलेल्या अळ्या दिसतात आणि कारण उमगत नाही.

आता टाकीतलं मिश्रण. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) एकाच टाकीत टाकलं की मजुरी वाचते, पण माशीच्या दृष्टीने हा मोठा धोका आहे. ॲसिटामिप्रिड एकटं असताना माशीला इमिडाक्लोप्रिडपेक्षा हजारो पटींनी सौम्य आहे. त्यात प्रोपिकोनॅझोल मिसळलं तेव्हा प्रयोगशाळेत त्याचं विषारीपण शंभरपटीने वाढलेलं आढळलं आहे, कारण हे बुरशीनाशक माशीच्या शरीरातली विष निकामी करणारी यंत्रणाच अडवतं. टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल त्याच गटातली. फुलोऱ्यात कीटकनाशक आणि या गटाचं बुरशीनाशक यांच्यात तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा.

फॉर्म्युलेशन, म्हणजे औषध कोणत्या रूपात आहे, तेही बघा. धुरळणीची भुकटी आणि सूक्ष्म कॅप्सूलमधलं औषध परागाच्या कणाएवढं असतं. माशीच्या केसांना ते चिकटतं आणि पायाच्या परागपिशवीत भरून थेट पोळ्यात जातं. फुलोऱ्यात धुरळणी नकोच.

फवारणीच्या दिवशी

आदल्या दिवशी प्लॉटमधलं फुललेलं तण काढा किंवा कापा. एकदांडी आणि घोळ यांवर माशी हमखास असते, आणि मुख्य पिकाला फूल नसतानाही ती औषधाखाली सापडते. शेजारी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत कुणाच्या पेट्या असतील तर २४ तास आधी फोन करा. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटर फिरते, मेलिफेरा ही पेट्यांतली दुसरी, युरोपीय माशी दोन-तीन आणि गरज पडली तर त्याहून लांब जाते. फोन करताना औषधाचा घटक आणि वेळ दोन्ही सांगा, "उद्या फवारणार आहे" एवढ्याने पेटीवाल्याला काही ठरवता येत नाही.

उन्हाळ्यात माशी सूर्यास्तापर्यंत चरते, म्हणून सातनंतर सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत ती साडेपाचच्या आसपासच परतते. तेव्हा उगाच उशीर करू नका, कारण रात्री दव पडतं, औषध वाळत नाही आणि सकाळी नऊपर्यंत फूल ओलंच राहतं. स्पिनोसॅडचे तीन तास वाळल्यापासून मोजायचे असतात, मारल्यापासून नाही. पौर्णिमेच्या आसपासच्या दोन-चार रात्री जवळ आग्याचं पोळं असेल तर टाळलेल्या बऱ्या. आग्या माशी चांदण्यातही चरते.

वारा हलका आणि एकाच दिशेचा असावा, पेट्यांकडे किंवा शेजारच्या फुललेल्या पिकाकडे वाहणारा नसावा. ब्लोअरचा (हवेच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राचा) दाब विनाकारण वाढवू नका, थेंब जितका बारीक तितका तो लांब उडतो. ड्रोनबाबत विशेष काळजी घ्या. पाठीवरच्या पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर द्रावण जातं तिथे ड्रोन दहाएक लिटरमध्ये काम उरकतो, म्हणजे प्रत्येक थेंबात औषध कितीतरी तीव्र असतं आणि तो उंचावरून पडतो. फुललेल्या पिकाशेजारी ड्रोन असेल तर त्या बाजूच्या कडेच्या ओळी हातपंपानेच मारा.

पंप जिथे भरता तिथली जमीन कोरडी ठेवा. सांडलेल्या औषधाचं डबकं, गळका ठिबक, धुतलेल्या टाकीचं पाणी, यावर उन्हात तहानलेली माशी येते. डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच घ्या आणि डब्याला भोक पाडा. प्लॉटपासून दूर सावलीत एक पसरट भांडं स्वच्छ पाण्याने भरून ठेवा, त्यात काटक्या किंवा खडे टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत. हे फवारणीच्या दिवशी सुरू करून उपयोग नाही, माश्यांना त्या पाण्याची सवय आठ दिवस आधी लागायला हवी.

द्राक्ष आणि ऊस

तासगाव-पलूसच्या द्राक्षाला फळधारणेसाठी माशी लागत नाही, म्हणून द्राक्षबागायतदाराला हा विषय आपला वाटत नाही. पण सांगली जिल्ह्यात सर्वांत दाट फवारण्या याच पिकात होतात, आणि बागेखालचं फुललेलं तण व बांधावरची झाडं यांवर माशी असतेच. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेखाली फूल येऊ न देणं हा सर्वांत सोपा उपाय. उसात मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडची आळवणी केली असेल, म्हणजे ते मुळाशी ओतलं असेल, तर त्या सरीत घेवडा, कांदा यांसारखं आंतरपीक फुलोऱ्यापर्यंत ठेवू नये. हुमणीचे भुंगेरे वळवानंतर बाभूळ-कडुनिंबावर जमतात, ते रात्री फांद्या हलवून आणि प्रकाशसापळ्यात गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले की आळवणीची गरजच कमी होते.

पेट्या भाड्याने आणल्या असतील तर

एकरी दोन-तीन पेट्या, पाच ते दहा टक्के फुलं उमलल्यावर आत आणाव्यात. त्याआधी आणल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांची सवय लावून घेतात. पेट्या यायच्या किमान आठवडाभर आधी लांब टिकणारं औषध बंद करा.

फवारणी टळतच नसेल तर पेटी रात्री हलवणं हा खरा उपाय. तीन किलोमीटरपेक्षा जवळ नेली तर जुन्या जागेची ओळख असलेल्या माश्या परत तिथेच येतात. हलवणं शक्य नसेल तर अंधार पडल्यावर दारावर जाळी लावा, वर हवेला वाट ठेवा आणि ओलं बारदान टाका. दुसऱ्या दिवशी दहा-अकरापर्यंत ठीक, त्यापुढे नाही. उन्हात बंद पेटीत मेण मऊ पडतं आणि माश्या गुदमरतात, आणि सातेरी तर एवढ्या त्रासाने उघडल्या उघडल्या घर सोडून निघून जाते.

विषबाधा झालीच तर

मेलिफेराच्या भरल्या पेटीसमोर रोज शंभरेक मेलेल्या माश्या हे नैसर्गिक आहे. एका दिवसात पाचशे-हजार दिसल्या तर विषबाधा धरा. एखादी हातावर घेऊन बघा: सोंड बाहेर आलेली, पंख फाकलेले आणि पायाला परागाची पिवळी गोळी तशीच. म्हणजे ती म्हातारी होऊन मेलेली नाही, कामावरून येता येता मेली. जिवंत असलेल्या जागच्या जागी भोवऱ्यासारख्या फिरतात, थरथरतात, उडता येत नाही म्हणून गवतावर चढतात.

त्याच दिवशी दोन-तीनशे ताज्या मेलेल्या माश्या कागदी पाकिटात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. साध्या तापमानाला प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या तर कुजतात आणि तपासणीच्या कामाच्या राहत नाहीत. तारीख, वेळ, पेट्यांची संख्या लिहा, फोटो काढा, कोणत्या रानात काय मारलं त्याचं बिल आणि बॅच नंबर मिळाला तर टिपून घ्या, आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) बोलावून पंचनामा करून घ्या. शेजाऱ्याशी भांडण काढण्याआधी हे झालेलं असलं की बोलणंही नीट होतं.

पेटी उघडून ताज्या परागाने भरलेल्या चौकटी काढा, कारण विष त्यात साठलेलं असतं आणि आतल्या अळ्यांना तेच भरवलं जातं. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करा, संध्याकाळी आतच ठेवा, बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. बाहेर चरणाऱ्या माश्या गेल्या असल्या तरी राणी आणि अळ्या शाबूत असतील तर पेटी सावरते. पार हलकी झालेली पेटी दुसऱ्या सशक्त पेटीत मिळवून टाका. तीन आठवड्यांनी पुन्हा चौकट उचलून बघा. झाकलेल्या अळ्यांचा पट्टा सलग दिसला तर ठीक. चाळणीसारखा मध्ये मध्ये रिकामा असेल आणि राणी नीट अंडी घालत असेल, तर विषारी पराग अजून कुठेतरी राहिला आहे. ती चौकट शोधून काढा आणि तिच्या जागी नवा पाया, म्हणजे मेणपत्रा लावलेली चौकट, द्या.